खिरण्यांच्या डाव्या हाताची मूठ

ती घटना आजही आठवते, असं म्हणून पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी सुरू होतात. मला आठवायचे काही कष्ट पडत नाहीत. त्या तपासातला मुद्देमाल मी खाल्ला होता, आणि तो माझ्या घशात अडकला होता.

आधी एक खुलासा करते. निवृत्त अधिकारी मी नव्हे. ते आमचे हे. पश्चिम खानदेशात फौजदारी करण्यात त्यांची हयात गेली, आणि आता त्यांची बदली अशा ठिकाणी झाली आहे जिथून रजा मिळत नाही. पण आम्ही तळोद्याच्या ठाण्याला होतो तेव्हा, म्हणजे गोऱ्या साहेबाच्या राज्यात, खात्यात बाई शिपाई नव्हती. एखाद्या बाईची झडती घ्यायची असली किंवा बाईमाणसाला जबाबासाठी बसवायचं असलं, की ठाण्यामागच्या क्वार्टरातून मला हाक यायची. पगार नाही, पट्टा नाही, पण काम खात्याचंच. तेव्हा या एका तपासापुरतं मला अधिकारी समजायला हरकत नसावी. नातवंडं समजत नाहीत, पण ती माझ्या हद्दीत येत नाहीत.

तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. नगरकडची, आईबापाविना मामाच्या घरी वाढलेली, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल फारच चांगलं मत असलेली. यांची एक जुनी शिट्टी मी दोऱ्यात ओवून गळ्यात घालत असे आणि चोळीत लपवत असे. प्रसंग पडला तर फुंकायची म्हणून. प्रसंग एकदाच पडला. मांजरानं दुधात तोंड घातलं. मी शिट्टी फुंकली आणि दोन शिपाई काठ्या घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरले. मांजर पळालं, दूध सांडलं, आणि यांनी रात्री कोरडा भात खाल्ला.

ठाण्यात कोणाला आणलं की मी स्वयंपाकघराच्या जाळीतून त्याच्याकडे बघून गुन्हा ओळखत असे. संध्याकाळी हे जेवायला बसले की निकाल सांगायची. "आज आणलेला तो पक्का चोर आहे. डोळे बघितलेत त्याचे?"

"तो फिर्यादी होता," हे म्हणायचे. "भाजी वाढ."

आता आडनावाकडे येते. या तपासात सगळं त्याच्यावरच अडलं होतं. खरं आडनाव मी लिहिणार नाही, त्या घराच्या लेकीसुना आज चांगल्या नांदताहेत. आपण ते 'खिरणे' असं म्हणू. तळोद्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे गेलं की खिरणे नावाची शेतकऱ्यांची एक वस्ती लागायची. वस्तीतली सगळी घरं एकाच भाऊबंदकीची आणि आडनावानंही खिरणेच. विहीर खिरण्यांची, नाला खिरण्यांचा. खानदेशात पाटील आणि चौधरी गावोगाव सापडतात, पण खिरणे तेवढ्या वस्तीपुरतेच. म्हातारी माणसं एवढंच सांगायची की पूर्वज तापीकाठच्या खिरणे नावाच्या गावातून वर आले आणि येताना गावाचं नाव घेऊन आले. ते जुनं गाव मात्र वस्तीतल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. बघायला जायचं कारणही नव्हतं.

आषाढात या वस्तीचा कारभारी ठाण्यात खबर घेऊन आला. चाळिशीचा, आवाजानं मोठा, डोक्याला नवाकोरा फेटा. खबर देणारा कसा आत येतो त्यावरून अर्धी खबर कळते, असं हे म्हणत. भ्यालेला माणूस दारात वहाणा काढतो आणि आत यायचं विसरतो. ज्याला काही हवं असतं तो आधी बसून घेतो. कारभारी आधी बसला.

त्याची खबर अशी. त्याची एक विधवा काकी होती, तिला मूलबाळ नव्हतं. वैशाखापासून तिच्या घरी एक परका तरुण येऊन राहिला होता आणि आपणही खिरणेच म्हणून सांगत होता. त्याच्या डाव्या भुवईवर जुना वण होता. त्याच सुमारास सपाटीवरच्या एका व्यापाऱ्याच्या घरी दरोडा पडला होता. टोळीतला एकजण फरार होता, आणि त्याच्या भुवईवरही वण असल्याचं वर्णन ठाण्याला आलेलं होतं.

"साहेब, खिरणे फक्त आम्ही शेतस," कारभारी म्हणाला. "आम्हनासिवाय दुसरा खिरणे कोठेच नही. तो खोटं बोली ऱ्हायना. काकीनी जमीनवर डोया शे त्याना."

"आणि तुमचा?" यांनी विचारलं.

कारभाऱ्यानं फेटा काढला, पुन्हा नीट बसवला, आणि पाऊसपाण्याबद्दल बोलू लागला.

पण वणाची गोष्ट खरी होती, तेव्हा दखल घेणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला संशयित म्हणून आणलं. उंच, काटक, शांत माणूस. यांनी त्याला समोर बसवून नाव, गाव, धंदा विचारायला सुरुवात केली. मी अर्थातच जाळीशी होते.

"आडनाव?"

"खिरणे."

"गाव?"

"खिरणे."

"मी गाव विचारलं."

"तेच सांगं ना साहेब. गाव बी खिरणे. तापीवर शे."

बाप मरताना त्याला म्हणाला होता, आपले लोक पूर्वी वर डोंगराकडे गेले, कधी जमलं तर शोध. म्हणून तो विचारत विचारत वर आला होता. वस्तीत शिरल्यावर पहिलं घर या काकीचं. तिनं पाणी दिलं, आडनाव विचारलं, आणि ते ऐकून दारातच खाली बसली. एवढीच त्याची कथा. यांनी उलटसुलट विचारलं, दमात घेतलं, पण कथेचा एक टाका उसवला नाही.

यांनी तापीकाठच्या ठाण्याकडे चौकशी पाठवली. नदीला पूर होता, नावा बंद होत्या, म्हणून उत्तर तारेनं आलं. खिरणे नावाचं गाव आमच्या हद्दीत नाही.

यांनी ते त्याला कोठडीच्या दारात उभं राहून सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी गज धरले.

"गाव शे साहेब," तो म्हणाला. "मी धाकला व्हतू तवय पूर उना आणि वाही गयं. आते तठे फक्त घाट शे. लोके जठे जागा भेटनी तठे गयात."

"हे आधी का सांगितलं नाहीस?"

"वाही गयं म्हनीसन ते गाव नही का?"

यांनी ते टिपून घेतलं आणि रात्री जेवताना मला सांगितलं. मला मात्र तेव्हा खूप बोलता येत होतं. "अहो, गाव हरवलं म्हणे! पातेली हरवतात, गावं कशी हरवतील? तुम्ही फार भोळे आहात," असं मी यांना ऐकवलं. नगरकडच्या दुष्काळात वाढलेली मी, मला पूर काय ठाऊक? आमच्याकडे नदीत पाणी दिसलं तर लोक बघायला जायचे.

म्हातारी काकी रोज यायची. भाकरी आणायची, ती तपासून आत जायची, आणि ही ठाण्यापुढच्या निंबाखाली बसून राहायची. एकदा यांनी मला तिचा जबाब घेताना बसवलं होतं. हे म्हणाले, "म्हातारे, याला तू कालपरवापर्यंत ओळखत नव्हतीस. उद्या फरारी निघाला तर?"

ती म्हणाली, "साहेब, कानबाईले घरोघर पुरुषना नावनी मूठ पडस. मन्हा नवरा गया तवयपाईन मन्हं सूप रिकामं जास. औंदा पडी असं वाटनं व्हतं."

त्या क्षणी मला त्यातलं काही कळलं नाही. जाणत्यासारखी मान मात्र हलवली. आता कळतं म्हणून, आणि खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी, सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. एका कुळाची सगळी माणसं एकत्र जमतात. कुळात जितके पुरुष, त्या प्रत्येकाच्या नावानं मूठभर गहू सुपात टाकतात, आणि त्या गव्हाचे रोट करतात. हे रोट फक्त कुळानं खायचे. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही, लग्न होऊन गेलेल्या पोटच्या लेकीलाही नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली तो कुळातला. म्हातारीच्या घरी पुरुष नाही, म्हणून तिच्या सुपात मूठ पडत नव्हती आणि ती दरवर्षी पुतण्याच्या वाट्यातला रोट खात होती. पुतण्या म्हणजे तोच आपला कारभारी.

मूठ पडली की घर चालू राहणार होतं आणि जमिनीलाही वारस मिळणार होता. कारभारी ठाण्यात का आला आणि म्हातारी निंबाखाली का बसली, ते दोन्ही या एका मुठीत होतं.

तापी उतरेना. दरोड्यातला व्यापारी पलीकडे अडकलेला, त्यामुळे ओळख परेड होईना. कोठडीची मुदत संपत आली. तरुणाचं नाव खोटं, गाव खोटं, असा अहवाल गेला असता तर त्याला पुढच्या तजविजीसाठी धुळ्याच्या तुरुंगात धाडलं असतं, आणि तिथे गेलेल्या बेवारशी माणसाला विचारायला कोण जातं?

अशात कानबाईचा सोमवार उजाडला. विसर्जनाचा आणि रोटांचा दिवस. निम्मं ठाणं रजेवर. एक हवालदार तेवढे कोठडीच्या पहाऱ्यावर होते, त्यांना जागा सोडता येत नव्हती. हे कचेरीत बसून तोच अहवाल लिहीत होते. इतक्यात बाहेर गलका झाला. म्हातारी फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आली होती, आणि तिच्यामागे कारभारी आणि भाऊबंद ओरडत येत होते.

"काकी, माघारी फिर! त्याले देशी तं कुळ बाटी!"

"बाटू दे," म्हातारी म्हणाली. "मन्हा वाटाना रोट शे. मी कोनले बी देसू."

हे आतूनच म्हणाले, "अगं, ती पुरचुंडी जरा तपास आणि आत दे. भांडण नको दारात."

नियम यांचाच होता. मागच्या ठाण्याला एका कैद्याला लाडवातून धोतरा पोचवला होता, तेव्हापासून कोठडीत जाणारं अन्न मोडून, चाखून मगच आत जायचं. चाखायचं काम हवालदारांचं. पण हवालदार खानदेशी. त्यांनी ती पुरचुंडी पाहिली आणि एकदम समोरच्या भिंतीकडे बघायला लागले. मला वाटलं, घाबरले. मनात म्हटलं, बघा, अखेर खात्याची लाज मीच राखायची!

मी पदर खोचला. पुरचुंडी सोडली. जाडजूड, तूप लावलेला रोट. मोडला, वास घेतला, डोळे बारीक केले, आणि एक मोठा घास तोंडात टाकला. मोठा, कारण मी सकाळपासून उपाशी होते. उपाशी, कारण माझा श्रावणी सोमवार होता. म्हणजे एका घासात मी दोन देवांचा अपराध केला. तोंडात तो कोरडा गोळा फिरत होता आणि मी सगळ्यांकडे विजयानं बघत होते.

भाऊबंद जागच्या जागी उभे. कारभाऱ्याचं तोंड उघडं.

"ओ माय!" म्हातारी किंचाळली. "हाई काय करं वं तू! पानी देऊ नका तिले! डावा हातनी मूठ टाका पहिले!"

आणि ती बोलत असतानाच, तिच्या शब्दावर शब्द पडावा तसं, कोठडीतून आलं, "पानी देऊ नका तिले! डावा हातनी मूठ टाका!"

हे टाक हातात घेऊनच बाहेर आले. म्हातारीकडे पाहिलं. कोठडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"गिळलास?"

मी मान हलवली. तेवढ्यानं मला उचकी लागली.

"पाणी प्यायचं नाही."

"अहो पण..."

"एक थेंब नाही. तू आता पुरावा आहेस. इथे पायरीवर बस."

मी बसले. हवालदारांना यांनी विचारलं, "तुमच्या कुळात बाहेरच्यानं रोट खाल्ला तर काय करतात?"

"आमनाकडे तं सगळा रोट नदीमा सोडतस साहेब. मूठबीठ काही नही. हाई आजच ऐकी ऱ्हायनू."

यांनी कारभाऱ्याला आत नेलं. कचेरीच्या खिडकीखालीच माझी पायरी होती, त्यामुळे दोन उचक्यांच्या मधलं सगळं मला ऐकू आलं. एरवी मी खिडकीखाली बसायला कारण शोधायची, त्या दिवशी सरकारी हुकूम होता.

कारभारीही कच्चा नव्हता. न विचारताच म्हणाला, "साहेब, तुम्हनं लक्ष मी ओळखं. पन त्याले ते काकीनी शिकाडं व्हई. दोन-तीन महिना ऱ्हायना तो तिना घरमा."

"असेल," हे म्हणाले. "तुमच्या बायकांना सगळंच ठाऊक असतं?"

"मूठ कशी टाकतस ते ठाऊक. टाकताना आम्ही काय बोलतस ते नही. ते बाप पोऱ्याले सांगस, दार लाईसन. बायास्ना कानवर जात नही."

"काय बोलता?"

"ते बाहेर सांगतस नही, साहेब."

"मी सरकार आहे."

"सरकार शे, खिरणे नही."

हे हसले असावेत, कारण आवाज बदलला. "बरं. बाहेर नका सांगू. माझ्या कानात सांगा. माझ्या बायकोचं नरडं सुकतंय, तेवढं तरी बघा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुजबुज. मी मान उंच केली, पण उचकीनं दगा दिला.

हे बाहेर आले, सरळ कोठडीकडे गेले आणि गजाला कान लावून त्या तरुणाला म्हणाले, "मूठ टाकताना पुरुष काय म्हणतात, ते सांग."

"ते बापनी सांगेल शे, साहेब. बाहेर सांगता येस नही."

आता बघा. तो एक वाक्य बोलला असता तर सुटायची वाट दिसत होती. बाहेर धुळ्याचा तुरुंग तयार होता. तरी तो अडून बसला. यांनी पुष्कळ समजावलं. तो मान हलवत राहिला. शेवटी त्याची नजर पायरीवर गेली. मी तिथे लाल डोळ्यांनी, गळ्यातली शिट्टी मुठीत धरून, उचकीनं उडत होते.

"बाईसाहेब मरी जाई पानीबिगर," तो म्हणाला. "त्यासनासाठे सांगस." आणि त्यानं यांच्या कानाशी तोंड नेलं.

हे परत आले ते अगदी हळू चालत. कारभारी कचेरीच्या दारात उभा होता. हे त्याला एवढंच म्हणाले, "शब्दाला शब्द तोच आहे."

ते शब्द मी इथे लिहिणार नाही. मला ते नंतर सांगितले गेले, कसे ते पुढे येईलच. अर्थ मात्र सांगते, त्याला मनाई नाही. उजव्या हाताची मूठ घरात जन्मलेल्याची. डाव्या हाताची मूठ वाटेवरून आलेल्याची. आणि कानबाईला दोन्ही हात सारखे. खिरण्यांचा कारभारी हे दरवर्षी दार लावून म्हणत होता, आणि वाटेवरून आलेल्या माणसाला पकडून द्यायला ठाण्यात येऊन बसला होता. हे यांनी त्याला बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती. त्याचा चेहरा मी पाहिला. ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या तोंडून आपल्या मेलेल्या बापाचे शब्द ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं.

आधी माझी व्यवस्था करायची होती. गहू माझ्याच डब्यातला, सूप माझंच. कुळाचा कर्ता कारभारी, तेव्हा मूठ त्यानंच टाकायची. त्यानं डाव्या हातानं मूठ टाकली, ओठात काही पुटपुटला, आणि मी गडवाभर पाणी एका दमात प्यायले. उचकी थांबली. साऱ्या ठाण्यानं श्वास सोडला.

सगळे पांगणार, तेवढ्यात म्हातारीनं माझ्या हातून सूप घेतलं आणि कारभाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. नुसतं सूप पुढे धरलं.

कोठडीतल्याच्या नावानं मूठ. पण कोणत्या हाताची? डाव्या हाताची टाकली असती तरी कुळानं ती मानली असती. वाटेवरून आलेला म्हणून तो राहिला असता, दरसाल रोट खाल्ला असता, आणि म्हातारीची जमीन तिच्यामागे पुतण्याकडेच गेली असती. कोणी नावं ठेवली नसती. भाऊबंद पुढे सरकले. हवालदारांनी अखेर भिंतीकडे बघायचं सोडलं. कारभाऱ्यानं डावा हात डब्यात घातला. मग काढला. हाताला चिकटलेले दाणे झटकले. आणि उजव्या हातानं भरून मूठ घेऊन म्हातारीच्या सुपात सोडली.

म्हातारीनं सूप छातीशी धरलं. कोठडीत तो तरुण खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. कारभारी मोठ्यानं म्हणाला, "गहू चांगला शे बाईसाहेब, कोठला?" आणि नाक शिंकरायला निंबामागे गेला.

मूठ पडली म्हणून कोठडी उघडत नाही. यांनी तो अहवाल फाडला आणि नवा लिहिला. मुदत वाढवून घेतली. तापी उतरल्यावर तो व्यापारी आला. एकसारख्या उंचीच्या माणसांची रांग उभी केली, रांगेतल्या आणखी दोघांच्या भुवयांवर तसेच वणासारखे डाग काढले. व्यापाऱ्यानं रांगेपुढून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "साहेब, इनमें वो नहीं है. उसका मुँह मैं मरते दम तक नहीं भूलूँगा." त्याच सुमारास तापीवरचा एक नावाडी येऊन सांगून गेला, गाव नाही पण नदी ओलांडायचा उतार आहे, आणि आम्ही त्याला आजही खिरण्याचा घाट म्हणतो. संशयितास सोडल्याची नोंद झाली. खरा फरारी पुढे गुजरातेत सापडला म्हणतात.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी येऊन हे पाटावर बसले. मी रागावणं खायच्या तयारीत होते. हे म्हणाले, "मुद्देमाल खाऊन तपास लावणारी खात्यात तूच पहिली. तुझ्या उपासाचं काय झालं?" आणि मग इतके हसले की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. मला त्यांनी त्या दिवशी बोल लावला असता तर तो रास्तच होता. लावला नाही. या माणसाचे मी किती उपकार मोजावेत?

पुढच्या श्रावणात खिरण्याहून गाडी आली. मला न्यायला. मी म्हटलं, मी कशी येऊ, मी कोण? म्हातारी म्हणाली, "लेकले रोट मियत नही. सूनना नावनी मूठ पडत नही. तुन्ही तं मूठ पडनी. मंग तू पोऱ्या शे आम्हना." अशी मी खिरण्यांच्या पुरुषांत मोजली गेले. पंगतीत बाप्यांच्या रांगेत बसले, दार लावून मलाही ते शब्द सांगितले गेले, आणि त्या कोठडीतल्या तरुणानं मला आग्रह करकरून वाढलं. मामाच्या घरी मी कोणाच्या मोजदादीत नव्हते. इथे मला घास खाल्ल्याबद्दल कुळ मिळालं.

हे पुढे नव्या शिपायांना या तपासाबद्दल सांगत, तेव्हा म्हणत, नाव-गाव विचारून माणूस कळत नाही, ते कोणीही पाठ करतो. अचानक काही बिघडलं की तो काय बोलतो ते ऐका. दचकलेला माणूस आपल्या घरातलं बोलतो. मी यात माझ्या बाजूनं एवढीच भर घालते की बिघडवायला माझ्यासारखं कोणी जवळ असावं लागतं.

हे गेले तेव्हा आम्ही खानदेश सोडून बरीच वर्षं झाली होती. दुखवट्याचं लुगडं माहेरून येतं. माझ्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं, आणि मी वाटही बघत नव्हते. तेराव्याच्या सकाळी दारात दोन माणसं आली, दोन वेगवेगळ्या टांग्यांतून. कारभारी, आता काठी टेकत. आणि भुवईवरच्या वणाजवळ केस पिकलेला तो. दोघांच्या हातात एकेक लुगडं.

"मी वडील शे. मन्हं लुगडं पहिले," कारभारी म्हणाला.

"तिनी उचकी मी थांबाडी," दुसरा म्हणाला. "मन्हं पहिले."

"मूठ कोन टाकी व्हती?"

"बोल कोन सांगा व्हता?"

घर माणसांनी भरलेलं, भटजी खोळंबलेले, आणि हे दोघे माझ्या उंबऱ्यावर कोण जवळचा म्हणून हमरीतुमरीवर आलेले. तेरा दिवस मी दगडासारखी होते. त्यांच्याकडे बघता बघता मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातूनच मग रडू आलं.

मी दोन्ही लुगडी ठेवून घेतली आणि एक नेसले. कोणाचं नेसले ते दोघांनाही सांगितलं नाही. अजून दोघे वर्षातून एकदा येतात, वेगवेगळे, आणि निघताना हळूच विचारतात. मी म्हणते, पुढच्या वेळी सांगेन.